पालखीच्या वाटेवर महागडा कॅमेरा नेमका कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन फुलफ्रेम मिररलेस बॉडी, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या एफ/२.८ झूम लेन्स, सगळं मिळून काही लाखांचं सामान. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर दिवे घाटात पावसात एका बॉडीने लेन्स ओळखणं सोडलं आणि दुसरीची मागची स्क्रीन काळी पडली. जेजुरीत भंडाऱ्यानंतर २४-७० ची झूम रिंग खरखर करू लागली. पावसाळा सरताना ७०-२०० च्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. दोन्ही बॉडी आणि दोन्ही लेन्स 'वेदर सील्ड', म्हणजे धूळ-पाणी रोखायला रबरी कडा लावलेल्या होत्या. मग माल खराब आहे की वापरायची पद्धत?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. व्यावसायिक बॉडीतला मुख्य बोर्ड, सेन्सर किंवा शटर फील्डवर क्वचितच जातं. अडतं ते जिथे दोन भाग एकमेकांना मिळतात तिथे: लेन्स माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती जागा), बॅटरीचं दार, कार्डचा खण, हॉट शू (वरची फ्लॅश लावायची खाच), बॅटरी ग्रिप (खाली जोडायचा जास्तीच्या बॅटरीचा भाग), बाहेर येणारी झूमची नळी. बॉडीवर दुप्पट पैसे टाकले तरी हे सांधे उरतातच. त्यामुळे तयारी आणि दुरुस्ती दोन्ही तिथूनच सुरू करावी.

आधी 'वेदर सील्ड' या शब्दाबद्दल. पाण्याच्या बाबतीत आकड्यात मोजता येईल असं वचन म्हणजे आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती रोखलं जातं याचा प्रमाणित दर्जा), आणि बहुतेक कंपन्या आपल्या कॅमेऱ्यांना ते देतच नाहीत. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ ला आयपी५३ आहे, तेही ठरावीक लेन्स लावल्यावर. लायका एसएल२ ला आयपी५४ आहे. बाकी ठिकाणी 'धूळ आणि तुषार यांना प्रतिकार' एवढीच भाषा असते आणि आत पाणी गेल्यास वॉरंटी लागू होत नाही. काही लेन्सचं सील तर समोर फिल्टर लावल्याशिवाय पुरं होत नाही. कॅननच्या ईएफ १७-४० एफ/४ एल आणि ५० एफ/१.२ एल या त्यातल्या. आपल्या लेन्सच्या माहितीपुस्तिकेत ही एक ओळ आहे का, ते पाऊस सुरू होण्याआधी बघून ठेवा.

दिवे घाट: लेन्स ओळखत नाही

कॅननवर 'एरर ०१', निकॉन आणि सोनीवर अ‍ॅपर्चरच्या जागी 'एफ--' किंवा लेन्स लावा असा संदेश. या सगळ्याचा अर्थ एकच, बॉडी आणि लेन्स यांच्यातलं बोलणं तुटलं आहे. पावसात याचं नेहमीचं कारण म्हणजे माउंटवरच्या सोनेरी कॉन्टॅक्टवर आलेला पाण्याचा पातळ थर.

पाणी तिथे पोचतं कसं? एफ/२.८ ची ७०-२०० लेन्स साधारण एक ते दीड किलोची. पट्टा बॉडीला लावून ती लोंबकळत चालवली की प्रत्येक पावलाला माउंटवर ताण येतो आणि वरच्या बाजूने रबरी कडा किंचित उचलली जाते. साचलेलं पाणी तिथून आत झिरपतं. जड लेन्स असेल तर पट्टा लेन्सच्या कॉलरला (ट्रायपॉडसाठी लेन्सवर असलेल्या कड्याला) बांधा, बॉडीला नाही. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती काळ्या रबराची पातळ रिंग असते. बोट फिरवून बघा, कुठे चीर पडली आहे का, घडी आली आहे का. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा मधला जोड) किंवा माउंट अ‍ॅडॅप्टर लावला की असा आणखी एक सांधा वाढतो. घाटात पाऊस असताना टेलिकन्व्हर्टर पिशवीतच राहू द्या.

अडल्यावर क्रम असा ठेवा. कॅमेरा बंद करा आणि बॅटरी काढा. बाहेरून आधी पंच्याने पूर्ण कोरडा करा. मायक्रोफायबर एकदा भिजला की पाणी फक्त पसरवतो, सुती पंचा शोषून घेतो, म्हणून दोन पंचे जवळ ठेवावेत. मग छत्रीखाली किंवा जॅकेटच्या आडोशाला माउंट जमिनीकडे करून लेन्स काढा. लेन्सवरचे कॉन्टॅक्ट धागे न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने पुसा. बॉडीवरच्या पिना स्प्रिंगच्या असतात, त्या दाबू नका, कापडाचं टोक हलकेच फिरवा. डाग राहिलाच तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापडावर घ्या, थेट माउंटवर नाही. पेन्सिलच्या खोडरबराने कॉन्टॅक्ट घासण्याचा सल्ला अजूनही फिरतो. तो सोन्याचा मुलामा झिजवतो आणि रबराचा भुगा सेन्सरसमोर सोडतो, तेव्हा ते नकोच. लेन्स टक् आवाज येईपर्यंत फिरवा, बॅटरी घाला, सुरू करा.

तरीही संदेश आला तर अदलाबदल करा. दुसरी लेन्स या बॉडीवर चालली तर दोष पहिल्या लेन्समध्ये. पहिली लेन्स दुसऱ्या बॉडीवरही अडली तर तेच पक्कं झालं. कुठलीच लेन्स या बॉडीवर चालत नसेल तर बॉडीचा माउंट ओला किंवा सैल आहे. दोन्ही बॉडी एकाच माउंटच्या, एकाच बॅटरीच्या आणि एकाच प्रकारच्या कार्डाच्या घ्याव्यात असं सांगतात, ते या दोन मिनिटांच्या चाचणीसाठीच. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बॉडी असतील तर हातात दोन अर्धे संच उरतात.

काळी स्क्रीन

मागची स्क्रीन काळी झाली म्हणून बॉडी मेली असं समजून पिशवीत टाकणारे बरेच भेटतील. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरखाली किंवा शेजारी डोळा ओळखणारा छोटा सेन्सर असतो. त्यावर पावसाचा थेंब बसला की कॅमेऱ्याला वाटतं, डोळा लावला आहे, आणि तो मागची स्क्रीन बंद करतो. व्ह्यूफाइंडरमध्ये बघा. चित्र दिसत असेल तर फक्त तो थेंब पुसायचा आहे. पावसाच्या दिवशी आपोआप बदल बंद करून 'फक्त व्ह्यूफाइंडर' निवडणं बरं. त्याच मेनूत टच स्क्रीनही बंद करा. ओल्या काचेवर थेंब पडले की फोकस पॉइंट स्वतःच्या मनाने फिरतो आणि दोष ऑटोफोकसला दिला जातो.

कॅमेरा अधूनमधून आपोआप बंद-चालू होत असेल आणि खाली बॅटरी ग्रिप असेल, तर पहिला संशय ग्रिपवर. गाडीच्या धक्क्यांनी तिचा घट्ट करायचा स्क्रू अर्धा फेरा सैल होतो आणि कॉन्टॅक्ट सुटतात. तो आवळा. तेवढ्याने भागलं नाही तर ग्रिप काढून एक बॅटरी थेट बॉडीत घालून बघा. दिवसभर पावसात काम असेल तर ग्रिपशिवायच निघावं, एक सांधा कमी होतो.

बॅटरी बदलण्याचा क्षण सगळ्यांत धोक्याचा, कारण तेव्हा दार उघडं असतं आणि हात ओले असतात. निर्देशक २० टक्क्यांवर येण्याची वाट न बघता आडोसा मिळाला की बदलून टाका. दाराच्या रबरी कडेवर एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला तरी सील बसत नाही. जुन्या बॅटऱ्या सपाट काचेवर ठेवून बघा. डुलत असेल तर ती फुगली आहे. अशी बॅटरी खणात अडकते आणि ओढून काढताना खणाची पट्टी तुटते. ती बाद करा.

फ्लॅश लावायचा असेल तर हॉट शूकडे लक्ष द्या. कॅननच्या नव्या बॉडींवरच्या मल्टिफंक्शन शूवर कॅननचाच सील असलेला जुना फ्लॅश (स्पीडलाइट) थेट लावला तर तिथलं संरक्षण पुरं होत नाही, त्यासाठी एडी-ई१ हा अ‍ॅडॅप्टर आहे. फ्लॅश नसेल तेव्हा शूचं प्लास्टिकचं झाकण बसवलेलं असावं. हे झाकण हरवायलाच बनवलेलं असतं, तेव्हा एक जास्तीचं ठेवा.

रेनकव्हर महाग असलंच पाहिजे असं नाही. जाड पारदर्शक पिशवीला हूडच्या मापाचं भोक पाडून रबर बँडने आवळली तरी काम होतं. महत्त्वाचं हे की कव्हरच्या आतही घामाची आणि हवेतली वाफ जमते, म्हणून दर तासाभराने ते उघडून बॉडी पुसा. फोटो काढत नसाल तेव्हा लेन्सचं तोंड खाली. झूम वाढवून नळी बाहेर आलेली असेल तर ती पुसूनच आत घ्या, नाहीतर ओली नळी पाणी सरळ आत घेऊन जाते.

जेजुरी: भंडारा

पालखी सासवडहून जेजुरीत येते आणि भंडाऱ्याची उधळण होते. म्हणजे आदल्या दिवसांत भिजलेलं सामान आता हळदीच्या पुडीत जातं. हे दोन्ही एकत्र फार वाईट. हळद बारीक आणि तेलकट असते, ओल्या पृष्ठभागावर तिचा लेप बसतो आणि रिंगांच्या फटीत वाळून घट्ट होतो. आदल्या रात्री सामान खरोखर कोरडं झालं आहे याची खात्री करणं हाच इथला निम्मा उपाय.

झूम रिंग खरखरण्याचं कारण लेन्सच्या रचनेत आहे. २४-७० एफ/२.८ झूम केल्यावर लांब होते. आतली जागा वाढते, बाहेरची हवा ओढली जाते आणि हवेबरोबर पूड येते. ७०-२०० एफ/२.८ पैकी बऱ्याच लेन्स आतल्या आत झूम होतात, त्यांना हा त्रास कमी. पण सगळ्याच तशा नाहीत: कॅननची पहिली आरएफ ७०-२०० एफ/२.८ बाहेर येणारी आहे, नंतरची 'झेड' नावाची आतल्या आत चालणारी. भंडाऱ्यात जाताना लांब होणारी झूम एका जागी ठेवून वापरा, किंवा सरळ ३५ वा ८५ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावा. लेन्स घरून लावून निघा आणि उधळण संपेपर्यंत बदलू नका. दोन बॉडींचा इथे खरा उपयोग आहे. माउंटच्या सांध्यावर आणि बंद दारांच्या कडांवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा. कापडी गॅफर टेप असेल तर उत्तम, पॅकिंगची तपकिरी टेप नको, ती गोंद मागे सोडते.

साफसफाईचा क्रम चुकला की नुकसान होतं. आधी काहीही पुसायचं नाही. कॅमेरा तोंड खाली धरून हातपंपाच्या ब्लोअरने वरून खाली हवा मारा. मग मऊ, कोरड्या ब्रशने रिंगांच्या खाचा, बटणांच्या कडा, हॉट शू. पुन्हा ब्लोअर. कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, तिचा दाब पूड सीलच्या पलीकडे ढकलतो. पूड सुटणं थांबल्यावरच किंचित ओल्या कापडाने पुसा. अल्कोहोल मात्र इथे घेऊ नका. हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये चांगला विरघळतो, म्हणजे डाग पसरून रबरात मुरतो. रबरावर राहिलेला पिवळेपणा उजेडात हळूहळू उडतो, त्यासाठी घासाघीस नको. गुलालाचं बरेचदा उलटं असतं: त्यातला रंग पाण्यात सुटतो, तेव्हा तिथे ओलं कापड अगदी शेवटी.

इतकं करूनही रिंग खरखरत असेल तर फिरवणं थांबवा. प्रत्येक फेऱ्याला पूड आतल्या खाचेत दळली जाते. ही लेन्स उघडूनच साफ होते आणि ते सर्व्हिस सेंटरचं काम आहे. घरी उघडलेल्या झूममध्ये काचेचे गट पुन्हा केंद्रात आणणं साध्या हत्यारांनी जमत नाही. मग फ्रेमची एक बाजू कायमची मऊ येते.

सेन्सरवर काय आलं ते बघण्यासाठी एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम हलवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा एक फोटो काढा. काळे गोल ठिपके म्हणजे धूळ. ब्लोअरने गेले तर ठीक. ओल्या स्वॅबची पाळी आली तर फुलफ्रेमला २४ मिलिमीटर, एपीएस-सीला (लहान सेन्सरला) १६ मिलिमीटर रुंदीचा स्वॅब, द्रवाचे दोन थेंब, एका दिशेने एकदा, उलट बाजूने परत एकदा, आणि तो स्वॅब फेकून द्यायचा. हे रस्त्याकडेला नाही, मुक्कामी, पंखा बंद करून. काही बॉडींत कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा सेन्सरसमोर बंद ठेवायची सोय असते. ती चालू ठेवा, पण त्या पडद्यावर जवळून ब्लोअर मारू नका, तो फार नाजूक असतो.

पालखीत नाही, पण विसर्जन मिरवणुकीत आणखी एक धोका आहे, तो सांगून टाकतो. डीजेच्या गाडीवरचा लेझर थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपके जळतात. मिररलेसचा सेन्सर सतत उघडा असल्याने त्याला धोका जास्त. याला फिल्टर नाही, सील नाही. लेझर फिरत असताना कॅमेरा तिकडे रोखायचा नाही, एवढंच.

धुकं आणि बुरशी

७०-२०० मधले धागे म्हणजे बुरशी. पालखीतल्या एका भिजण्याने ती इतकी वाढली असण्याची शक्यता कमी. भिजलेली लेन्स बॅगेच्या फोममध्ये, लाकडी कपाटात आठवडेच्या आठवडे राहिली की ती वाढते. सापेक्ष आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं, आणि पावसाळ्यात पुण्या-मुंबईत, कोकणात तर विचारूच नका, घरातली हवा याच्या वरच असते. ४० ते ५० टक्के हा सामानासाठी चांगला पट्टा. फार कोरडंही नको, वंगण आणि रबर सुकतं.

ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्या. नसेल तर रबरी कडेचा, झाकण घट्ट बसणारा १५-२० लिटरचा प्लास्टिकचा डबा, त्यात कापडी पुरचुंडीत २००-२५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. तोही डिजिटल आणि दिसेल असा. निळे दाणे ओल धरली की गुलाबी होतात, केशरी दाणे हिरवे. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरू नका. बॅग, पट्टा आणि चामड्याचं कव्हर डब्यात घालू नका, ओल तिथेच असते.

बुरशी कडेला, थोडीशी असेल तेव्हाच लेन्स साफ करायला द्या. उशीर झाला तर ती काचेवरचा लेप खाते आणि मग साफ केल्यावरही तिचा ठसा राहतो. उन्हात ठेवून बुरशी मरेल, धागे मात्र जागेवर राहतील.

लेन्सवर येणारं धुकं हा वेगळा प्रकार, पण त्याचं पाणीही शेवटी सांध्यांतच जातं. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २५ अंश येतो. एसी गाडीतून २२ अंशांवर थंड झालेली लेन्स बाहेर काढली की काचेवर, माउंटवर, कधी आतल्या काचांवरही पाणी धरतं. गाडीत असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि बाहेर आल्यावर तो बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, मोठ्या लेन्सला अर्धा ते एक तास, पिशवी उघडू नका. तेवढा वेळ नसेल तर गाडीचा एसीच बंद ठेवून प्रवास करा. धुकं आलं तर बसल्या बसल्या लेन्स काढून आत बघू नका, दमट हवा आणखी आत जाते.

कार्ड

कॅननवर 'एरर ०२' किंवा कार्ड वाचता येत नाही, हा आणखी एक नेहमीचा अडथळा. एसडी कार्डाच्या प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या आणि कुलपाची कळ तुटते, धूळ कॉन्टॅक्टवर बसते. शक्य असेल तिथे सीएफएक्स्प्रेस प्रकारचं कार्ड वापरा, ते बांधणीने भक्कम आहे. दोन्ही खणांत एकाच वेळी मूळ फाइल लिहिली जाईल अशी सेटिंग ठेवा. दुसरा खण 'भरल्यावर पुढचं' यावर ठेवला तर दोन खण असून उपयोग नाही. नवं कार्ड आणल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफथ्री या प्रोग्रॅमने पूर्ण क्षमतेपर्यंत लिहून वाचून तपासा, बनावट कार्ड तिथेच पकडलं जातं. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. चूक दिसली की त्या कार्डावर एकही फोटो पुढे काढू नका. ते बाजूला ठेवा आणि घरी फोटोरेक या प्रोग्रॅमने फाइल काढा. हे साधन मोफत आहे आणि फाइली नुसत्या पुसल्या गेल्या असतील तर बरेचदा यश येतं.

कंपनीचा दोष असेल तर

असाही प्रकार असतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० च्या सेन्सरवर ठिपके जमायचे. २०१४ मध्ये कंपनीने शटर मोफत बदलून द्यायला सुरुवात केली. २००७ च्या कॅनन १डी मार्क ३ च्या ऑटोफोकससाठी सबमिररची (फोकसकडे प्रकाश वळवणाऱ्या छोट्या आरशाची) दुरुस्ती जाहीर झाली. निकॉन झेड८ च्या काही बॉडींवर २०२३ मध्ये पट्ट्याच्या कड्या आणि माउंटबद्दल सूचना निघाली. बाजारात नवी आलेली बॉडी मोठ्या कामावर लगेच एकटी नेऊ नये, ते यासाठी. बॉडीचा सीरियल नंबर कंपनीच्या सर्व्हिस सूचनांशी ताडून बघा. यादीत असेल तर वॉरंटी संपली तरी दुरुस्ती बरेचदा मोफत होते.

पूर्ण भिजलेला कॅमेरा मात्र सुरू करून बघू नका, चार्जही करू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, सगळी दारं उघडी ठेवा, माउंट खाली करून पंख्याखाली, मग सिलिकाच्या डब्यात एक-दोन दिवस. हेअर ड्रायर नको. तांदळाचा डबाही नको, त्यातून फक्त पीठ आणि भुसा आत जातो. पाणी समुद्राचं असेल तर वाळवत बसू नका, मीठ बोर्डावर गंज सुरू करतं. त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठा आणि पाणी गोडं होतं की खारं, आत किती वेळ होतं, त्यानंतर कॅमेरा सुरू केला होता का, हे कागदावर लिहून सोबत द्या. विमा असेल तर दुरुस्तीला टाकण्याआधी विमा कंपनीला कळवा आणि बिलं, सीरियल नंबर आणि भिजलेल्या अवस्थेतले फोटो जवळ ठेवा. बुरशी आणि हळूहळू होणारी झीज अशा पॉलिसीत सहसा वगळलेली असते, अपघाताने भिजणं मात्र 'ऑल रिस्क' प्रकारात बसू शकतं. कलम वाचूनच दावा लिहा.